गोठा रिकामा होतो तेव्हा

'गुरे परवडत नाहीत' हे वाक्य आपल्या संगमेश्वर तालुक्यात आता इतके सर्वमान्य झाले आहे, की त्यावर वाद घालणारा वेड्यात निघावा. हिशेब सरळ आहे. नांगरटीला पॉवर टिलर आला, दूध पिशवीतून येते आणि गुरे राखणारा पोरगा मुंबईला गेला. मग दाव्याला बांधलेले जनावर म्हणजे निव्वळ खर्च! २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गुरे २०१२ च्या मानाने सुमारे ६ टक्क्यांनी घटलेली दिसली, त्यात नवल ते काय? माझे म्हणणे एवढेच, की या हिशेबात जमेच्या बाजूच्या काही रकमा लिहायच्या राहून गेल्या आहेत. त्या दुधाच्या नाहीत. किड्यांच्या, माश्यांच्या आणि पाखरांच्या आहेत. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी कृपया हसू नये.

पावसाळ्यात सड्यावर पडलेला शेणाचा पो काठीने उलटून पाहावा. काही शेणकिडे त्यातच संसार थाटतात, काही खाली बिळे करून शेण जमिनीत ओढतात, तर काही त्याच्या गोळ्या वळून मागच्या पायांनी ढकलीत दूर नेऊन पुरतात. माती भुसभुशीत होते, पाणी मुरते, खत मुळाशी जाते, मजुरी शून्य. या मजुरांची किंमत ऑस्ट्रेलियाला चांगलीच कळली. तिथे गुरे नेली युरोपीय लोकांनी. पण तिथले मूळचे किडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईचे ओले शेण कुरणांवर तसेच वाळू लागले, गवत दडपले आणि माश्यांनी माणसांना जगणे नकोसे केले. अखेर जॉर्ज बोर्नेमिस्झा या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या शेवटी तेथील सरकारी संशोधन संस्थेने परदेशांतून शेणकिडे आणून सोडण्यास सुरुवात केली. त्यांनी जे आयात केले ते आपल्याकडे अनादी काळापासून आहे, आणि आपण ते घालवायला निघालो आहोत.

माशी म्हटली की आपण नाक मुरडतो. पण आंब्याच्या मोहोराजवळ भर सकाळी उभे राहिले तर काय दिसते? मधमाशी क्वचित, आणि नाना जातींच्या माश्या मात्र पुष्कळ. आंब्याच्या परागीभवनात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांतील कित्येकींच्या अळ्या शेणात, उकिरड्यात, कुजलेल्या पाल्यात वाढतात. आपण गोठा मोडतो, उकिरडा बुजवतो, तुडतुड्यासाठी ऐन मोहोरावर औषध मारतो आणि फळ कमी धरले की हवामानाला दोष देतो. हवामानाचा दोष असतोच. पण सगळाच नव्हे.

गोठ्याची इमारतही वस्ती देणारी होती. मातीच्या भिंतीत भोके पाडून निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या मधमाश्या राहत, बांबूच्या वाशांत भुंगे. सिमेंटच्या भिंतीत कोण भोक पाडणार?

मोकाट गुरांनी भाताचा तरवा खाल्ला, काजूची कलमे मोडली, याचा अनुभव घरोघरी आहे. म्हणून मी सोडून दिलेल्या गुरांची वकिली करीत नाही. माझा आग्रह राखलेल्या गुरांसाठी आहे. गुराखी कळप आज या कातळावर, उद्या पलीकडच्या माळावर नेई. खाल्लेल्या गवताला पुन्हा फुटायला उसंत मिळे. गवत आखूड राहिले की सड्यावरच्या सीतेच्या आसवांसारख्या ठेंगण्या फुलांना ऊन मिळते. गुरांमागे गायबगळे येतात, हिवाळ्यात धोबी येतात, कोतवाल तर थेट म्हशीच्या पाठीवर बसून शिकार साधतो. उलट न चरलेले, न कापलेले गवत फाल्गुनात वणव्याला आमंत्रण देते, आणि वणवा कोणाची बाग कोणाची हे विचारीत नाही. कासच्या पठारावर कुंपण घालून चराई थांबवल्यावर फुले वाढली की घटली, यावर बरीच वर्षे वाद झाला. चराई हवी म्हणणाऱ्यांत गावकरी होते तसे अभ्यासकही होते. इंग्लंडमध्ये नेप येथील सुमारे ३,५०० एकरांच्या तोट्यातल्या शेतीवर २००१ पासून गुरे, डुकरे, तट्टे मोकळी सोडली. तिथे दुर्मीळ झालेले टर्टल डव्ह आणि नाइटिंगेल परतले. तिथे कुंपण आणि बेताची संख्या आहे, हे मात्र विसरू नये.

नुसती जनावरे राखूनही भागत नाही. जंतावर दिलेल्या काही औषधांचा अंश, विशेषतः आयव्हरमेक्टिनचा, शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. डायक्लोफिनॅकने गिधाडांचे काय केले हे सर्वश्रुत आहे. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामे झाले होते.

आपली लहान चणीची गाय २०१८ मध्ये 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. चढउतार, मुसळधार पाऊस आणि रानचा चारा तिला मानवतो. सनद मिळाली खरी, पण गोठ्याच्या दुरुस्तीला पैसा आणि राखणीला माणूस कोण देणार? वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक राखणदार ठेवावा, आणि ज्याच्या बागेला मोहोर धरतो त्यानेही त्याच्या पगारात वाटा उचलावा, असे मला वाटते. बागायतदार अमान्य करतील, तर त्यांनी गोठ्याजवळच्या आणि गोठ्यापासून लांबच्या कलमांवरचे फळ मोजून दाखवावे. मोजायला यंदाच्या माघात आम्ही विद्यार्थी येऊ.