मिशनऱ्याचा दिवस

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मिशनरी येतो तो कोशकार, व्याकरणकार किंवा मुद्रक म्हणून. त्याचा दिवस कसा जात असेल, त्यात त्याला सुख कशाचे वाटत असेल, हे आपण क्वचितच विचारतो. हेन्री बॅलंटाइन १८३५ साली अमेरिकेहून आले तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. पुढचे बहुतेक आयुष्य अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) गेले: शाळा, प्रवचने, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’, आणि पाश्चात्त्य चालींवर रचलेली मराठी गीते. परक्या भाषेत नेमका शब्द सापडल्याचा आनंद मिशनच्या अहवालात मावत नाही; तो त्या गीतांतच शोधावा लागतो, मग ती कितीही खडबडीत असोत.

पुढे ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हाती घेतले आणि ही उपासना मराठी वळणाची झाली. त्या घरातले दिवस मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहेत. आम्ही ते पुस्तक शिकवतो विनोदासाठी, दांपत्यजीवनासाठी. नगर-राहुरीचा भाग आला की ‘धर्मांतरानंतरचे’ म्हणून आटोपतो. (परीक्षेत प्रश्नही येत नाही.) धर्मांतराचा वाद आहे आणि राहील. पण लक्ष्मीबाईंचे सोवळे हळूहळू सुटत जाते, घर इतरांच्या मुलांनी भरते, १९०० साली त्या स्वतः बाप्तिस्मा घेतात. सेवेतले रोजचे हाल आणि रोजचे हसू एकत्र सांगणारी ही पाने वगळली, तर उरतो केवळ गमतीदार संसार. येत्या सत्रात ती पाने वर्गात सावकाश वाचावीत, असा आमचा आग्रह आहे. जमल्यास बॅलंटाइन यांच्या एखाद्या गीतासह.