तळघरातला फोन

आमच्या घरातील तारेचा फोन आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केला. महिन्याकाठी तीसएक डॉलर वाचतील आणि प्रत्येकाजवळ मोबाइल आहेच, एवढाच विचार त्या वेळी केला होता. आई तळघरातील खोलीत राहते. न्यू जर्सीतील आपल्या अनेक कुटुंबांत वडीलमाणसांची सोय अशी खालीच केलेली आढळते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती न्हाणीघरापाशी घसरून पडली. फोन हाताशी होता, रेंज नव्हती. तिने काठीने पाण्याचा नळ ठोकला व तो आवाज वर स्वयंपाकघरात ऐकू आला, म्हणून निभावले. हाड मोडले नाही.

खाली रेंज येत नाही हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. शब्बाथ संपल्यावर फिलाडेल्फियाच्या मावशीला फोन करावयाचा झाला की आई वर येऊन खिडकीशी उभी राहत असे, आणि आम्ही मुले-नातवंडे त्याची थट्टा करीत असू. आता थट्टा करवत नाही. माझे स्पष्ट मत असे की, ज्या घराने तारेचा फोन काढून टाकला, त्याने वडीलमाणसाच्या उशाशी मोबाइल लागतो की नाही हे स्वतः लावून पाहिलेच पाहिजे.

ही गोष्ट कळताच दोघातिघा स्नेह्यांनी सल्ला दिला, "बूस्टर बसवून टाका." बूस्टर म्हणजे काय हे समजण्यास आपल्या पिढीला अडचण पडू नये. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढे घरोघरी गच्चीवर एरियल उभे राहिले. एकाने वर एरियल फिरवायचे, खालच्याने "आले, आले, गेले!" म्हणून ओरडायचे. बूस्टरमध्येही छपरावर एक अँटेना असते. ती टॉवरच्या दिशेने वळवावी लागते. तेथून केबल घरात येते, मधली पेटी लहरींची शक्ती वाढविते, आणि आतली दुसरी अँटेना ती खोलीत पसरविते. फोनचे उत्तर त्याच वाटेने उलट बाहेर जाते. परंतु मुळात जे आहे तेच ही पेटी वाढवील. छपरावरच काही मिळत नसेल, तर काहीशे डॉलर खर्चून पदरी निराशाच येईल. म्हणून प्रथम फोन घेऊन छपराजवळ जावे व तेथे बोलणे नीट होते का ते पाहावे.

दुसरी चूक दोन अँटेना जवळजवळ लावण्याची. सभागृहात ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर धरला की कशी कर्कश शीळ उठते! येथेही तसेच घडते. आतली लहर बाहेरची अँटेना पुन्हा पकडते, आणि मग पेटी आपली शक्ती कमी करते किंवा बंद पडते. लांब व बारीक केबलमध्येही पुष्कळ शक्ती वाया जाते. छपरावर चढणे, विजेच्या तारांपासून दूर राहणे, आकाशातील विजेसाठी अर्थिंग करणे ही कामे मात्र माहितगारावर सोपवावीत. रविवारी जावयाच्या हातून करून घेण्याजोगे हे काम नव्हे.

कायद्याकडेही आपले लोक दुर्लक्ष करतात. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१३ साली यासंबंधी नियम केले, आणि १ मार्च २०१४ पासून त्या नियमांत बसणारेच बूस्टर येथे विकता येतात. सदोष पेटी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, कधी टॉवरचेही काम बिघडवते, हे त्यामागचे कारण. जुनी पेटी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. नवी घेतल्यावर आपल्या फोन कंपनीकडे तिची नोंद करावी लागते. पेटीवर आणखी एक इशारा छापलेला असतो, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा: तिच्यामार्फत ९११ ला केलेल्या फोनवर आपले ठिकाण चुकीचे कळेल किंवा कळणारही नाही. तेव्हा पत्ता इंग्रजीत तोंडाने सांगता येणे आवश्यक. आईकडून मी तो शाळेतल्या मुलांकडून घ्यावा तसा पाठ करून घेतला आहे.

शेवटी आम्ही बूस्टर घेतलाच नाही. छपराजवळही रेंज जेमतेमच निघाली. आणि घरात वाय-फाय आहे, बहुतेक नव्या फोनांत त्यावरून साधा फोन लावण्याची सोयही असते. ती आम्ही सुरू केली. त्यास निराळा खर्च आला नाही. ती सुरू करताना आपत्काळासाठी पत्ता भरावा लागतो. टॉवर न सापडल्यास फोन वाय-फायवरून जातो आणि मदत त्या भरलेल्या पत्त्यावर पाठविली जाण्याचा संभव असतो. आपली वडीलमाणसे चार महिने मुलाकडे, चार महिने मुलीकडे राहतात. पत्ता मात्र पहिल्याच घराचा राहतो. हे घरोघरी तपासावे. तसेच, तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला वीज एक्स्चेंजकडून मिळे. वीज गेली की वाय-फाय आणि बूस्टर दोन्ही बंद. आम्ही वाय-फायच्या यंत्राला एक बॅटरी जोडली आहे.

जाता जाता एक सूचना. अलिबागकडील जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरांत रेंज येत नाही म्हणून येथून बूस्टर नेण्याचा बेत कोणी करीत असेल, तर त्याने तो सोडावा. भारतात सरकारी परवानगीवाचून खाजगी व्यक्तीने तो बसविणे बेकायदेशीर आहे, आणि दोन्हीकडील लहरींचे पट्टेही सर्व सारखे नाहीत.

पुढील महिन्यात आई धाकट्या भावाकडे राहावयास जाईल. फोनातला पत्ता बदलण्याचे काम मी भाच्याकडे सोपविले आहे, आणि ती तेथे पोहोचताच त्याने तिच्या खोलीतून मला फोन करावा असे बजावले आहे.