बावन्न की पंचवीस?

दिवाळीत पाहुणे आले की फराळाच्या बश्या पुढे होतात, आणि बश्यांच्या पाठोपाठ घरातले चार-पाच वर्षांचे मूलही पुढे केले जाते. "म्हणून दाखव बघू काकांना शंभरापर्यंत!" मूल बिचारे एका दमात अठ्ठेचाळीसपर्यंत धावते, पुढच्या आकड्यापाशी अडखळते, आईचा चेहरा उतरतो आणि काका लाडू तोंडात टाकून म्हणतात, "येईल हो हळूहळू!" मला त्या काकांनाच विचारावेसे वाटते, की शंभरापर्यंत म्हणता येणे म्हणजे मोजता येणे, हे तुम्हाला सांगितले कोणी?

खरे-खोटे पाहायचे तर त्याच मुलापुढे सात करंज्या ठेवा. कुणाची जीभ बोटाच्या पुढे पळते आणि सातांच्या नऊ होतात. कुणी अगदी बरोबर 'सात'वर थांबते, पण "मग एकूण किती?" असे विचारले की पुन्हा एकपासून सुरुवात! शेवटी उच्चारलेला आकडा हेच उत्तर, ही गोष्ट त्याला अजून उमगलेली नसते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने याच्या पुढची गंमत दाखवली. समोरासमोर सारख्याच संख्येच्या दोन ओळी मांडून त्यांतली एक जरा पसरली, की लहान मूल म्हणते, हिच्यात जास्त! यात मठ्ठपणा काही नाही. ही पायरी प्रत्येकाला चढावी लागते आणि ती पाठांतराने चढता येत नाही.

या पानाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, की पाठांतरावर माझा राग नाही. पण आपल्या मराठी आकड्यांची एक खोड आहे, ती आईबापांनी ओळखावी. आमच्या शेजारची पहिलीतली मुलगी 'बावन्न' ऐकले की पाटीवर हटकून २५ लिही. आईचा धपाटा पाठीवर! "लक्ष कुठं असतं हिचं, काकू?" वास्तविक मुलीचे लक्ष अगदी कानात होते. 'बा' आधी ऐकू आले, म्हणून तिने दोन आधी लिहिले. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. शिवाय पन्नास त्या 'वन्न'मध्ये असे दडलेले, की मोठ्यांनाही शोधून काढावे लागतात. कानडी-तेलुगूत तसे नाही. तिथे वीस आधी आणि एक मागाहून.

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जुन्या नावांच्या जोडीला 'वीस एक', 'साठ तीन' असे वाचन आले. केवढा गहजब झाला तेव्हा! विधानसभेतही थट्टा झाली. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर (त्या २०२३ साली निवर्तल्या) शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले गणितालाच भिऊ लागतात. मला स्वतःला 'बावन्न' गमावणे परवडणार नाही. इंग्रजी शाळेतला नातू भाजीवाल्याचे 'एकोणसत्तर' ऐकून आजीच्या तोंडाकडे पाहतो, ते मला बघवत नाही. पण 'पन्नास दोन' हा 'बावन्न'चा शत्रू नव्हे. पायरी आहे ती.

ती पायरी घरात फुकट बांधता येते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तूच हाती घेतल्या. आपणही तेच करावे. मी शेजारच्या मुलीला खराट्याचे हीर सारखे तोडून दिले. दहा झाले की दोरा गुंडाळायचा. पाच जुड्या आणि दोन सुटे, म्हणजे पन्नास आणि दोन. आणि यालाच म्हणायचे बावन्न. जुड्या डावीकडे, सुटे उजवीकडे. पाटीवरही तसेच. आठवडाभर नुसता हा खेळ. लिहिण्याचे नाव नाही. "मला गणित येत नाही," असे सहाव्या वर्षीच सांगू लागलेली ती मुलगी मग दोऱ्याचे रीळ मागायला आपण होऊन आमच्या दारात उभी राहू लागली.

'एकोण'चे कोडेही असेच सोडवावे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. दहा-दहा पणत्यांच्या तीन ओळी मांडा आणि एक हळूच उचलून घ्या. मुले खुदकन हसतात. नव्व्याण्णवपाशी मात्र नियम मोडतो. तिथे कारणे देत बसू नये. ते पाठच करावे.

बोटांवर मोजू नको, असे दटावणारे वडील अजून भेटतात. का हो? आजीचा जप पेरांवरच चालतो ना? अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजली की बारा होतात, हे मुलाला एकदा दाखवा तर खरे.

आणि पत्ते! बदाम सातसारखा गुरू नाही. सहा खाली, आठ वर. कोणाच्या आधी काय आणि नंतर काय, हे मूल हरण्याच्या धास्तीने शिकते. पानावरचे ठिपके न मोजता ओळखू लागते. मोबाइलवरचे आकड्यांचे खेळ टाळ्या फार वाजवतात, पण 'अठ्ठी अडवून ठेवू का सोडू?' हा विचार ते करायला लावत नाहीत. पाने मांडतानाही सोय आहे: "सहा जण जेवायला आहेत, चार वाट्या झाल्या, आणखी किती आणशील?" पण हे कामाच्या ओघात विचारावे. परीक्षकाचा सूर लागला, की मूल पळालेच म्हणून समजा.

शेजारच्या मुलीच्या आता दहा जुड्या झाल्या आहेत. त्यांना तिने आईच्या जुन्या साडीच्या काठाने एकत्र बांधले आहे, आणि परवा आलेल्या काकांना शंभर म्हणून न दाखवता तो भारा दोन्ही हातांनी उचलून दाखवला.