थोरला आधी की धाकटा?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोप देऊन मराठवाडा झोपी गेला होता आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. औसा तालुक्यातील किल्लारी, तत्कालीन उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत मातीस मिळाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्या छताने पिढ्यानपिढ्या उन्हापासून रक्षण केले, तेच काळ होऊन कोसळले. अधिकृत नोंदीनुसार जवळपास ८ हजार माणसे दगावली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. एकेका छताखाली तीन-तीन पिढ्या गाडल्या गेल्या.

या आपत्तीनंतर मदतीचा ओघ आला, नवी घरे उभी राहिली, भूकंपरोधक बांधकामावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु अशा रात्रीनंतर कायदा एक प्रश्न विचारतो आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. एकाच ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांपैकी आधी कोण गेले आणि नंतर कोण? प्रश्न निष्ठुर वाटेल, पण टाळता येणारा नाही. वारसा मृत्यूच्या क्षणी उघडतो आणि त्या क्षणी जो हयात असेल त्यालाच मिळतो. त्यामुळे दोन मृत्यूंमधील एका मिनिटाच्या अंतरावर मागे राहिलेल्या पोरक्या लेकराची भाकरी अवलंबून असू शकते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात अशा व्यक्तींना ‘कॉमोरिएन्टीज’ ही लॅटिन संज्ञा होती. आपण त्यांना ‘सहमृत’ म्हणू. या सहमृतांविषयी इंग्लंडचा जुना कायदा कोणतेही अनुमान करीत नसे. ज्याला हक्क सांगायचा असेल त्याने मृत्यूचा क्रम सिद्ध करावा, असा त्याचा दंडक होता. १८५३ साली एक जहाज बुडाले आणि एक पती-पत्नी एकाच लाटेने समुद्रात ओढले गेले. दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्र केले होते आणि जोडीदार आधी वारल्यास मालमत्ता एका तिसऱ्या व्यक्तीला मिळावी, अशी व्यवस्था त्यात होती. १८६० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्या तिसऱ्या व्यक्तीचा दावा फेटाळला. आधी कोण बुडाले याचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता आणि लाट साक्ष देत नसते.

पुराव्याची ही कोंडी फोडण्यासाठी इंग्लंडने १९२५ च्या मालमत्ताविषयक कायद्यात कलम १८४ आणले. मृत्यूचा क्रम अनिश्चित असेल तर थोरला आधी वारला आणि धाकटा मागे राहिला, असे मानावे. पुढे सप्टेंबर १९४० मध्ये लंडनमधील एका घरावर जर्मन बॉम्ब पडला आणि आत आश्रय घेतलेली माणसे एकदम ठार झाली. मृत्यू एकाच क्षणी आला असेल तरीही हा नियम लावायचा का, यावर न्यायाधीशांत मतभेद झाले. अखेर १९४५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी नियमाच्या बाजूने कौल दिला.

हाच नियम आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम २१ मध्ये आला. क्रम अनिश्चित असेल आणि विरुद्ध काही सिद्ध होत नसेल, तर धाकटा थोरल्याच्या मागे राहिला असे गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. निसर्गक्रमाला धरून असलेला, सोपा आणि वाद मिटवणारा नियम. मात्र वाद मिटला म्हणजे न्याय झाला, असे नव्हे.

एक उदाहरण पाहू. समजा, दोन भाऊ एकाच घरात दगावले. आईवडील पूर्वीच वारलेले, एक बहीण परगावी सासरी. थोरला अविवाहित, त्याच्या नावे ८ एकर स्वकष्टार्जित जमीन. धाकट्याची पत्नीही त्याच ढिगाऱ्याखाली गेली आणि त्याचा मुलगा शिक्षणासाठी लातूरच्या वसतिगृहात होता म्हणून वाचला. कलम २१ नुसार थोरला आधी गेला. त्याची जमीन भाऊ आणि बहीण यांच्यात निम्मी-निम्मी झाली आणि भावाचे ४ एकर त्याच्या मुलाला मिळाले.

आता केवळ वये बदला. जमीनदार अविवाहित भाऊ धाकटा आणि वसतिगृहातल्या मुलाचा बाप थोरला. मग थोरला आधी गेला असे मानले जाईल. धाकट्याच्या मृत्यूसमयी त्याची वारस म्हणून एकटी बहीण उरेल, कारण वारसांच्या अनुसूचीत पुतण्याचा क्रम बहिणीच्या खाली आहे. सगळी ८ एकर जमीन आत्याकडे जाईल आणि पुतण्याला गुंठाही मिळणार नाही. तीच रात्र, तेच छप्पर, तेच पोरके मूल. फरक एवढाच, की त्याचा बाप चार वर्षे आधी जन्मला होता. याला न्याय म्हणायचे की फाशांचा खेळ?

ज्या इंग्लंडकडून हा नियम आला, त्याने स्वतःच्या घरी त्याला मुरड घातली. मृत्युपत्र न करता वारलेल्या पती-पत्नींना हा नियम लावू नये, असे त्यांनी १९५२ मध्ये ठरवले. १९९५ च्या कायद्याने तर जोडीदाराने किमान २८ दिवस मागे राहिले पाहिजे अशी अट घातली. फ्रान्सने वय आणि लिंग यांवर बेतलेली आपली जुनी अनुमाने २००१ मध्ये रद्द केली आणि सहमृतांच्या अपत्यांना जन्मदात्याच्या जागी उभे राहून वाटा मागण्याची मुभा दिली. आपले कलम २१ मात्र १९५६ साली होते तसेच आहे.

वास्तविक हा विचार आपल्याला परका नाही. विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत. ते आजचे बसवकल्याण, किल्लारीच्या शेजारच्याच मुलुखातले. मिताक्षरेने वडिलार्जित मालमत्तेत पुत्राला जन्मतःच हक्क दिला. त्यामुळे बापाने शेवटचा श्वास कोणत्या घटकेला घेतला, यावर त्या हक्काचे अस्तित्व टांगलेले नव्हते. आपल्या आधी वारलेल्या मुलाच्या अपत्यांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा देऊन १९५६ च्या अधिनियमानेही हे सूत्र काही अंशी जपले. ते भावाबहिणींच्या लेकरांपर्यंत मात्र पोहोचले नाही. एकाच आपत्तीत दगावलेल्या भावंडांच्या अपत्यांना, कोण थोरले कोण धाकटे हे न पाहता, जन्मदात्याचा वाटा मिळावा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या कायद्यांच्या या फेरविचारात वारसाहक्काचे हे छोटे कलम विसरले जाऊ नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपल्या हाती काहीच नाही असे नाही. मृत्युपत्र करणे म्हणजे अशुभाला आमंत्रण, हा समज सोडला पाहिजे. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र पुरेसे असते, त्याची नोंदणी सक्तीची नाही. ‘लाभार्थी माझ्या पश्चात ३० दिवस हयात न राहिल्यास मालमत्ता अमुक व्यक्तीला मिळावी’ एवढे एक वाक्य त्यात असले, तर कलम २१ च्या अनुमानाची गरजच उरत नाही. वडील वारून दहा वर्षे झाली तरी सातबारावर त्यांचेच नाव, ही आपल्या गावोगावची स्थिती आहे. वारसनोंद वेळेवर व्हावी, फेरफार मंजूर झाला की नाही हे पाहावे आणि कागदपत्रांची एक प्रत घराबाहेर विश्वासू ठिकाणी असावी. गावोगावी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी वर्षातला एक दिवस या कामाला दिला, तरी पुष्कळ साधेल.

भूकंप कोणाच्या वयाची चौकशी करून येत नाही. त्याच्यानंतर मागे राहिलेल्या लेकराचा घास बापाच्या जन्मतारखेवरून ठरू नये, एवढे पाहणे मात्र माणसांच्या हातात आहे.