गिझर, ट्रिपर आणि आपलं इंजिनिअरिंग

पोरगा इलेक्ट्रिकलला आहे म्हटलं की घरचे बिघडलेल्या वस्तू सुट्टीपर्यंत राखून ठेवतात! आसगावला गेलो तर गिझर तयारच होता. चालू केला की ट्रिपर पडून घरभराची लाईट जायची. शेजारचे काका म्हणाले, "डायरेक्ट जोडून टाक ना बाबू, काही होत नाही." व्हायव्हात '३० मिलिअँपिअर' असं फाडकन सांगणारा मी क्षणभर तयारही झालो होतो. खोटं कशाला बोलू?

मग मेन बंद केला, टाकी रिकामी केली, एलिमेंट काढला. बोअरच्या जड पाण्यानं त्यावर पांढऱ्या क्षाराचा हा जाड थर! उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतल्या आत तापतो, आवरणाला तडा जातो आणि करंट पाण्यात उतरतो. मल्टिमीटर पिन आणि आवरणाला लावला तर चक्क रीडिंग. म्हणजे ट्रिपर बिचारा त्याचं काम करत होता. त्या गिझरच्या पाण्यानं पहाटे सगळ्यात आधी आजी अंघोळ करते.

एलिमेंट आणि गॅस्केट बदललं, अर्थिंग तपासलं. झालं.

आणि होस्टेलवर आपण काय करतो? १५०० वॅटच्या रॉडला २० लिटरची बादली तापवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढाही धीर नाही, रॉड चालू असतानाच बोट बुडवून बघतो! रेक्टर सर रॉड जप्त करतात ते बरोबरच. पण सर, तिसऱ्या मजल्यावर सोलरचं गरम पाणी पोचत नाही, तेवढं बघा ना.