तिघांचा डाव

आमच्या घरी दिवाळीत पत्त्यांना कधी मज्जाव नव्हता; मज्जाव होता तो पैशांना. खेळायचे तर चिंचोक्यांवर, हा वडिलांचा दंडक. पुढे २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हा वडिलांचे म्हणणे सरकारलाही पटले, असे मी घरात सांगून टाकले! त्यामुळे गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आलेला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, मेंढीकोट पुरे, यंदा पोकर खेळू," तेव्हा मी काही न बोलता चिंचोक्यांची बरणी आणून त्याच्यापुढे ठेवली.

खेळ समजायला अवघड नाही. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग मध्यभागी पाच पाने उघडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि ही पाच, या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याची सगळी रास. दर टप्प्याला बोली लावावी, दुसऱ्याच्या बोलीइतके भरावे, बोली वाढवावी, नाहीतर पाने टाकून स्वस्थ बसावे. रास रिकामी राहू नये म्हणून दर डावाला दोघांवर सक्तीची बोली असते. एकाने एक चिंचोका टाकायचा, त्याच्या शेजाऱ्याने दोन. हा मान पाळीपाळीने सर्वांकडे फिरतो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही नऊ जण बसलो. माझी सारी नोकरी एका बँकेच्या कर्जखात्यात गेली. 'नाही' म्हणणाऱ्यावर सहसा बालंट येत नाही, हे तिथले पहिले शहाणपण. तोच बाणा मी इथे धरला. चांगली पाने आली तर खेळायचे, नाहीतर टाकायची. साडेदहापर्यंत माझ्या शंभर चिंचोक्यांचे एकशेवीस झाले. आता मला कोण हरवतो, असे मनात आले.

मग एकेक जण जांभया देत उठला. उरलो तिघे, मी, भाचा आणि त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का. मी पूर्वीच्याच सावधपणे खेळत राहिलो. तासाभरात माझे चिंचोके निम्म्यावर आले, आणि नवल असे, की एकही मोठा डाव मी हरलो नव्हतो!

"मामा, तुम्ही हरत नाही, नुसते भाडे भरताय," भाचा म्हणाला आणि त्याने हिशेबाला कागद घेतला.

हिशेब सरळ होता. नऊ जण असले की सक्तीचे तीन चिंचोके नऊ डावांत एकदा आपल्या खिशातून जातात. तिघे असले की तीन डावांत एकदा. म्हणजे आधी डावामागे चिंचोक्याचा तिसरा हिस्सा, आता पुरा चिंचोका. हाती जोडी येते सरासरी सतरा डावांतून एकदा. नऊ जणांत तिची वाट पाहायला सहाएक चिंचोके लागतात; तिघांत सतरा. शिवाय पानांचे मोलही बदलते. माझ्या हाती एक एक्का आहे. समोर आठ जण असतील तर त्यांच्यात कोणाकडेच एक्का नसण्याचा संभव शंभरात तीसच. समोर दोघेच असतील तर शंभरात सत्त्याहत्तर! म्हणजे जी पाने नऊ जणांत टाकायची, तीच तिघांत वाढवून खेळायची.

हे ऐकून पाडव्याच्या रात्री मी एकदम वाघ झालो. कसलीही पाने येवोत, बोली वाढवायची! सुरुवातीला जमलेही. नुसते भरणारा जिंकतो तो पाने सरस असतील तरच. वाढवणारा मात्र समोरच्याने पाने टाकली तरीही जिंकतो. भाचा दोनदा पाने टाकून उठला. मी मिशीवरून हात फिरवला. पण अक्का! तिला हूल म्हणजे काय हे ठाऊकच नाही. दर वेळी चष्मा सावरून ती म्हणे, "बघू तरी, काय आहे रे तुझ्याकडे?" आणि चिंचोके भरी. माझ्याकडे काहीच नसे. अकराच्या आत माझी वाटी रिकामी झाली.

मग माप कोणते? भाऊबीजेच्या दुपारी, चिवड्याच्या बशीवर, भाच्याने तेही समजावले. समजा, रास सहाची आहे आणि शेवटच्या बोलीला मी सहाची हूल दिली. समोरच्याने निम्म्या वेळा पाने टाकली तरी माझे ना नफा, ना तोटा. तिनाची हूल दिली तर तिनांत एकदा टाकली तरी पुरे. आता समोरच्या बाजूने पाहा. माझ्या सहाच्या बोलीपुढे त्याला सहा भरून बारा मिळवायचे असतात. तिनांत एकदा जिंकला तरी त्याचे भागते. म्हणून राशीएवढ्या बोलीत तिनांत एक हूल असावी. त्याहून जास्त असतील तर तो सदा भरील. कमी असतील तर तो सदा पळेल.

हूल कोणत्या पानांवर द्यावी, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने दोघांच्या एका सोप्या पोकरावरून दाखवून दिले. मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेला त्यांचा खेळांवरचा ग्रंथ १९४४ साली निघाला. हूल द्यावी ती अगदी टाकाऊ पानांवर. मध्यम पानांवर नव्हे. कारण मध्यम पाने गुपचूप दाखवूनही कधी जिंकतात, टाकाऊ पानांना तो आधार नाही. पुढे २०१९ साली अमेरिकेत 'प्लुरिबस' नावाचा संगणक-कार्यक्रम स्वतःशीच खेळून तयार झाला आणि त्याने सहा जणांच्या टेबलावर धंदेवाईक खेळाडूंना दहा हजार डावांत मागे टाकले. नुसते भरून डावात शिरू नये, वाढवावे नाहीतर टाकावे, हा जुन्या खेळाडूंचा नियम त्यालाही पटला. अपवाद फक्त सक्तीचा लहान चिंचोका टाकणाऱ्याचा.

"पण मामा," भाचा हसून म्हणाला, "हे माप विचार करून पाने टाकणाऱ्यापुढचे. आईला हूल द्यायचीच नाही. चांगली पाने आली की तिच्याकडून भरपूर भरून घ्यायचे."

त्या रात्री मी तसा खेळलो. भाच्याला अधूनमधून हूल, अक्काला कधीच नाही. शंभरांतले ब्याण्णव उरले. हरलोच म्हणा, पण तिन्ही रात्रींत खरा खेळलो तो त्याच रात्री. आयुष्यभर ज्याला मी सावधपणा म्हणत आलो, तो पुष्कळदा मोठ्या घोळक्याचा आडोसा होता, हे साठी उलटल्यावर चिंचोक्यांनी शिकवले.

यंदा भाच्याला रजा नाही, अक्काचे गुडघे जिना चढू देत नाहीत. घरात आम्ही दोघेच. नऊ माणसांच्या घरात एखादा कोपऱ्यात गप्प बसला तरी दिवाळी होते. दोघांच्या घरात कोणीतरी आधी बोलावे लागते. दोघांच्या डावात डावामागे सक्तीचा दीड चिंचोका जातो. परवा मीच बरणी खाली काढली आणि सौभाग्यवतींना विचारले, "खेळायचे का?"

ती दिव्याच्या वाती वळत होती. वर न पाहताच म्हणाली, "वाटा पाने. बघू तरी, तुम्ही काय शिकलात!"