मटक्याचा वारसा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाची पाळी सुटली की कामगारांची पावले चहाच्या टपरीकडे वळतात. एके काळी तेथे वर्तमानपत्राचा एकच अंक दहा हातांतून फिरे. आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि सर्वांच्या माना खाली झुकलेल्या आहेत. या दृश्यावर नाक मुरडणारे पांढरपेशे टीकाकार पुष्कळ आहेत. दिवसभर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्याचे नाव कारखान्यात कोणी कौतुकाने घेत नाही. मोबाइलवरचा डाव जिंकताच मात्र त्याचा जयघोष होतो, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. विडी वळणाऱ्या आईच्या मुलाला खेळायला मैदान नाही. पडद्यावरचे मैदान त्याला फुकट मिळते.

खेळणारा प्रत्येक जण व्यसनी असतो, असे अर्थातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची खूण स्पष्ट केली आहे : खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे.

खरा घात होतो तो पैसा लावायला लागल्यावर. हा धंदा कामगारवर्गाला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात फोफावलेला मटका मुळात न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावांवर चाले. कापसाचे सूत काढणारे हात कापसाच्याच आकड्यावर मजुरी उधळत! मटक्याचा अड्डा निदान पोलिसांना सापडे. मोबाइलवरची रमी उशाशी येऊन बसली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ ठरवले होते, त्या निकालाची ढाल कंपन्यांनी पुढे केली. हरलेला माणूस हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळतो, या एका मानवी दुर्बलतेवर त्यांचे सारे गणित उभे होते.

सरकारचे हातही स्वच्छ नव्हते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या रकमेवर २८ टक्के कर आकारून त्याने या लुटीत आपला वाटा ठरवून घेतला. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. त्यांनी आरोप नाकारला. महिनाअखेरीस त्यांच्याकडे क्रीडा खाते आले, हा योगायोग मौजेचा खरा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. लोकसभेने विधेयक मांडले त्याच दिवशी, गोंधळात मंजूर केले. तरीही कायद्याची एक बाजू स्वागतार्ह आहे : शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

परंतु बंदीने कर्ज फिटत नाही. डावात बुडालेल्या मजुरीपायी काढलेली उचल मालकाच्या वहीत तशीच राहते आणि ती फिटेपर्यंत कामगार दुसरा कारखाना धरू शकत नाही. मजुरीवाढीच्या बैठकीत हा विषय सहसा निघत नाही, कारण हरलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि कार्यकर्तेही ती त्याची खासगी बाब मानतात. विडी कामगार भगिनींच्या सभेत नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलचा विषय काढून पाहावा. तेथे बोलणाऱ्यांची वाण पडणार नाही.